मुक्यानं खाल्लेले गूळ-धणे

कसं सांगू, तुम्ही हसाल! हसा बापडे, पण मध्ये तोंड घालू नका. मला बोलताना अडवलेलं चालत नाही. निदान तेव्हा तरी चालत नव्हतं.

तोंडाळ माणूस चुका करतो असं लोक म्हणतात. मी पक्का तोंडाळ. पण माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी चूक मी एक अक्षर न बोलता केली. आता बोला!

साठ सालानंतरची गोष्ट. आमची केळी आणि कपाशी तापीकाठी. तेव्हा नंदुरबार साधा तालुका, जिल्हा धुळे. नंदुरबारच्या डॉक्टरनं हात टेकले की माणसानं गाडीत बसायचं आणि नवापूरवरून सुरत गाठायची.

मी सुरत का गाठली? भाजलेले भुईमुगाचे दाणे खाता खाता सालदारावर ओरडत होतो म्हणून. एकाच तोंडानं दोन कामं! अर्धा दाणा वाट चुकला आणि पोटात जायचा तो छातीत गेला. पंधरा दिवस खोकलो. श्वास घेतला की आतून शिट्टी वाजायची. वैद्यानं काढे पाजले, बायकोनं मिरच्या ओवाळल्या, दाणा हलेना. शेवटी ताप भरला, तेव्हा माझा मेव्हणा नथ्थू मला घेऊन गाडीत बसला.

तिथल्या डॉक्टरनं घशात कडू औषध फवारलं. घसा लाकूड झाला. मग मान खाटेच्या बाहेर लोंबकळवली, दोघांनी डोकं धरलं, आणि टोकाला इवलासा दिवा असलेली लोखंडी नळी तोंडातून थेट छातीत उतरवली. दुखलं म्हणाल तर फार नाही. पण मी घाबरलो. खोटं कशाला सांगू? डोळ्यांतून पाणी येत होतं आणि डोक्यात एकच गोष्ट: जमनाचं लग्न राहिलं. जमना म्हणजे माझी एकुलती आंडेर, लेक हो. अठरा वर्षांची.

दाणा निघाला. फुगून चांगला हरभऱ्याएवढा झालेला. डॉक्टरनं तो चिमट्यात धरून दाखवला, आणि नथ्थूला समजावून सांगितलं, की थुंकीत रक्ताचा धागा दिसेल, घाबरायचं नाही. खायचं ते मऊ. आणि घसा आतून सोलला आहे, तर आठ दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचं पण नाही.

नथ्थू हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आठना पंधरा नही व्हवावत का?"

बोलता येत असतं तर तिथंच त्याला झाडला असता.

घरी आलो. ओट्यावर खाट टाकली. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की सगळं गाव पाहायला येतं, तसं आलं. पण मी मुका झालो म्हणजे बहिराही झालो, असं का कोण जाणे सगळ्यांनी गृहीत धरलं. माझ्या उशाशी बसायचे, माझ्याच घरचा चहा प्यायचे, आणि माझ्याबद्दलच बोलायचे!

शेजारचा धोंडूबाबा, वय ऐंशी, मला म्हणाला, "जिभाऊ, तीस वरीस जयात, आज पयल्यांदा मन्ही गोष्ट पुरी व्हयनी." आणि त्यानं खरंच आपल्या हरवलेल्या म्हशीची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. म्हैस सापडली होती! मला तीस वर्षं वाटत होतं की ती मेली.

असे तीन दिवस गेले. बायको घशासाठी गुळात धण्याची पूड कालवून गोळी करायची आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ तोंडात टाकायची. "आ करा" म्हटलं की मी आ करायचो. डोळेसुद्धा उघडत नव्हतो. राजासारखं चाललं होतं.

आता उखाभाऊ कोण ते सांगतो. खापर गावाकडचे शेतकरी, आमच्याच लोकांतले. त्यांचा मुलगा हिरालाल. पोरगा सरळ, मेहनती, निर्व्यसनी. दोन वर्षं ते जमनाला मागणी घालत होते आणि दोन वर्षं मी नाही म्हणत होतो. का? तर खापरच्या बाजारात मी त्यांच्याकडून एक बैल घेतला होता, आणि तो पहिल्याच तासाला नांगरासकट खाली बसला. ते म्हणाले, बैल चांगला होता, तुमच्या ओरडण्यानं बसला. झालं! त्यांचा माणूस निरोप घेऊन यायचा, आणि त्याची चप्पल निघायच्या आत माझं 'नाही' बाहेर पडलेलं असायचं.

नथ्थू त्या आठवड्यात बाजाराला गेला आणि सगळीकडे सांगत सुटला, "आमना जिभाऊ आते काहीच बोलत नहीत." उखाभाऊंनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, मरणाच्या दारातून आला, माणूस निवळला. पूर्वी निदान नाही म्हणायचा, आता नाहीही म्हणत नाही!

चौथ्या दिवशीची दुपार. जेवून पडलो होतो, डोळा लागला होता. कानाशी आवाज आला, "जिभाऊ, आ करा."

मी आ केला. गोड लागलं. चावलं. आणि दाताखाली कडकन अख्खा धणा फुटला.

बायको धणे वाटून घालायची. अख्खे घालत नव्हती.

डोळे उघडले. समोर पाच पागोटी! मधोमध उखाभाऊ, हातात पितळी ताटली, ताटलीत गूळ आणि अख्खे धणे.

तुम्ही आमच्यातले नसाल तर सांगतो. मुलाकडचे गूळ-धणे घेऊन येतात, आणि मुलीच्या बापानं पाच माणसांसमोर ते तोंडात टाकले की सोयरीक पक्की. कागद नको, सही नको. आणि खाऊन मोडली, तर पुढं त्या घरची पोर कोणी मागत नाही. बापाचा शब्द गेला तो गेलाच, पोरीचाही जन्म गेला. म्हणून शहाणा माणूस ताटली दिसली की आधी तोंड मिटतो. आणि मी खाटेवर आ करून पडलो होतो!

थुंकायला गेलो. ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

"बापना जीव शे!" उखाभाऊंचेही डोळे भरले. "आनंदना आसू शेतस."

मी दोन्ही हात जोरात हलवले, नाही, नाही!

"बस जयं म्हनतस," नथ्थू म्हणाला. "एक चिमूट पुरी व्हयनी त्यासले."

मी दाराकडं बोट दाखवलं, की निघा! तर सगळे वळून दाराकडं पाहायला लागले. दारात जमना उभी. पाचही जणांनी माना डोलावल्या. बापानं आपण होऊन मुलगी दाखवली! बायको तिच्या मागं, पदर तोंडाला लावून. रडत होती की हसत होती, देव जाणे.

मी नथ्थूकडून पाटी मागवली. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, पण 'नाही' लिहिता येतं. लिहिलं. मोठं लिहिलं. नथ्थूनं पाटी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "जिभाऊ म्हनतस, आते नही. कपाशी घरमा येऊ द्या, मंग करू."

"बराबर शे," पागोटी म्हणाली. मुलीच्या बापाला इतका पोक्त विचार करताना त्यांनी म्हणे पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावात गूळ वाटून झाला. दुसऱ्या दिवशी सुतार येऊन मांडवासाठी अंगण मोजून गेला. बायका गाणी म्हणायला जमल्या आणि गाण्यात माझं नाव गुंफलं, शांत स्वभावाचा व्याही म्हणून. मी आतल्या आत उकळत होतो. चार दिवस थांबा, म्हटलं. आवाज येऊ द्या. एकेकाला असा सोलतो की सुरतेची नळी बरी वाटेल. बसल्या बसल्या शिव्यांची जुळवाजुळव चालू होती. जुन्या होत्याच, काही नव्या केल्या.

सातव्या दिवशी दिवेलागणीला मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. भिंतीपलीकडं चूल. मायलेकी भाकरी करत होत्या.

जमना म्हणाली, "सकाय आबांना आवाज ई. मोडी टाकतीन."

"मोडतीन तं मोडोत," बायको म्हणाली. "तुले काय वाटस ते सांग."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"हाई इचारनारी तू पयली शे माय," जमना म्हणाली. "आबांनी मले कव्हय इचारं?"

मला वाटलं, पोर खोटं बोलते. आठवायला बसलो. हिरालालची जमीन किती ते विचारलं होतं. विहिरीला पाणी किती ते विचारलं होतं. त्या बैलाचे तर दात मोजले होते, आडवा पाडून. लेकीला? दोन वर्षांत एकदाही नाही. आणि घसा बंद नसता तर आत्ताही मी भिंतीवर हात आपटून ओरडलोच असतो, आणि ती पुढं काही बोललीच नसती. ती भाकरी मला गिळवेना. डॉक्टरचा दोष नव्हता त्यात.

आठव्या दिवशी सकाळी उखाभाऊ हजर. बरोबर तीच चार पागोटी. अर्धं गाव अंगणात. सगळ्यांना माझा आवाज ऐकायचा होता, जसा काही तमाशाच!

उखाभाऊ उभे राहिले. म्हणाले, "जिभाऊ, मन्हा कानवर उनं, तुमी नजरचूकमा खादं. तसं व्हई तं आज मोक्या मनथीन सांगा. मी ताटली परत लई जासू. आपली पोरले कोनी बोट दाखाडाव नही, हाऊ मन्हा शब्द."

पाहा आता! ज्या माणसाला सोलायचं म्हणून मी चार दिवस शिव्या घासत बसलो, तो माझ्या पोरीची अब्रू स्वतःच्या अंगावर घ्यायला उभा. माझी जुळवाजुळव सगळी फुकट. एक शिवी बसेल असा माणूसच समोर नव्हता. मी सोडून.

मी घसा खाकरला. आठ दिवसांनी आवाज निघाला तो वंगण न घातलेल्या गाडीच्या चाकासारखा.

"जमना," म्हटलं, "आठे ये."

ती आली.

"पोरी, तुले हाई घर पसंत शे का? तू सांग. आज मी ऐकी ऱ्हायनू."

मला वाटलं, पोर लाजेल, पळून जाईल, रडेल.

ती म्हणाली, "आबा, मी तीनदा सांगं व्हतं, पसंत शे म्हनीसन."

"कव्हय?"

"तुमी बोली ऱ्हायंतात तव्हय."

अहो, असा हशा उठला! धोंडूबाबा तर खाली बसला. पंचांसमोर, व्याह्यांसमोर, पोटच्या पोरीनं! माझं डोकं तापलं. तोंड उघडलं. सगळ्या शिव्या जिभेवर रांगेत उभ्या. आणि पाहिलं, तर जमना अजून तिथंच उभी. तिला आणखी काही सांगायचं होतं.

मी तोंड मिटलं. फार जड गेलं. घशात नळी जातानासुद्धा इतकं जड गेलं नव्हतं.

"बोल माय," म्हटलं.

"आबा, लगीन लागेपावत असंच गप ऱ्हा."

राहिलो. सुरतेच्या डॉक्टरनं आठ दिवस गप्प बसवलं होतं, पोरीनं दीड महिना बसवलं.