पिओरिया ते फेएटव्हिल

मी अमेरिकेला निघाले तेव्हा नागपूर विमानतळाच्या दाराशी बाबा माझ्या बॅगांचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळत होते. आई शेजारी उभी होती. बाबांच्या बदलीपायी तिनं शाळेतली नोकरी सोडली होती, पण त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती. मी आत वळणार तोच तिनं हात धरला आणि म्हणाली, "मी सोडली. तू सोडू नकोस."

आई, हे तुझ्यासाठी लिहितेय. आणि इथं दोन गावांत संसार करणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीही.

मी इलिनॉयमध्ये पिओरियाला अवजड मशिनं टेस्ट करते. ते काम घरून होत नाही. दीड वर्षापूर्वी नवऱ्याचा, सुहासचा, लेऑफ झाला आणि नवी नोकरी मिळाली ती आर्कान्सात, फेएटव्हिलजवळ. माझा व्हिसा कंपनीशी बांधलेला, ग्रीन कार्डची फाइल अर्ध्यात. सकाळी सहाला माझी शिफ्ट सुरू होते, म्हणून आमची पाच वर्षांची लेक रेवा त्याच्याकडे गेली.

नकाशावर दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढली तर चारशे मैलही भरत नाहीत. थेट विमान असतं तर तास-सव्वा तासात पोचले असते. पण तसं विमान नाही. दर शुक्रवारी आधी उलट्या दिशेनं शिकागो, तिथं तीन तास बसणं, मग पुन्हा दक्षिणेकडे. फोनवर तुम्हाला मी "तासाभराचं तर आहे" म्हणायचे, ते खरं नव्हतं, बाबा.

या जानेवारीत रेवाचं टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलं, शुक्रवारी सकाळी. मी गुरुवारचं तिकीट काढलं आणि पहाटेपासूनच्या बर्फात ते विमान कॅन्सल झालं. पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत मी सुहासला फोनवर सांगितलं की ड्राइव्ह करून येते. रस्ते वाईट आहेत, येऊ नकोस, मी सांभाळतो, असं तो समजावत राहिला. मग म्हणाला, "राजीनामा दे, यार. बास झालं आता."

"राजीनामा देणार नाही," मी म्हटलं, "आणि ऑपरेशनही चुकवणार नाही."

सेंट लुईसपर्यंत, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकच्या मागं मागं गेले. हात स्टिअरिंगवर आखडले होते. पुढं रस्ता कोरडा झाला तेव्हा एका गॅस स्टेशनवर थांबून पाच मिनिटं रडले, कॉफी घेतली आणि निघाले. आठ तासांच्या रस्त्याला अकरा तास लागले. सुहासनं दार उघडलं, वरणभात गरम केला. राजीनाम्याचा विषय त्यानं पुन्हा काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशननंतर रेवा जागी झाली, तेव्हा मी उशाशी होते. घसा दुखत होता तरी तिनं हळूच विचारलं, "Are you leaving Sunday?"

"हो," मी म्हटलं.

तिनं पांघरुणातून हात काढला आणि एकेक बोट मिटत पुटपुटली, "सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र."

एरवी ती सगळं इंग्रजीत बोलते. हे पाच वार मात्र ती मराठीत म्हणते. मी परत कधी येणार ते मोजण्यासाठी सुहासकडून शिकली होती.

घर कुठं असं कुणी विचारलं की पूर्वी मी नागपूर म्हणायचे, नंतर पिओरिया. आता गावाचं नाव पटकन येत नाही. जिथं माझ्या येण्याचे वार मोजले जातात, ते घर.

रविवारी दुपारी निघाले. सोमवारी सहाला शिफ्टवर होते.