तिसरा ड्रमर

चार माणसं एकाच नादाला तीस-पस्तीस वर्षं लागली, की किस्से आपोआप साचतात. लिहून कोणीच ठेवत नाही. आम्ही तर कॅसेटवर लेबलसुद्धा लावत नाही! पण गेल्या महिन्यात जे झालं, त्यानंतर मला राहवेना.

आमचा नाद म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचा एक जुना रॉक बँड. दोन गिटार, दोन ड्रमर, आणि एकदा गाणं धरलं की वीस मिनिटं सोडायचं नाव नाही. स्टुडिओत केलेली रेकॉर्ड आम्ही मानत नाही, आम्हाला लाइव्ह लागतं. तेच गाणं कुठल्या गावी कसं वाजवलं, यावर दर रविवारी सकाळी दहाला शब्बीरभाईंच्या दुकानामागच्या खोलीत आमची भांडणं होतात. शब्बीरभाई टेप आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. मल्लूअण्णांचं दुधनीला भुसार दुकान आहे, ते रविवारी रेल्वेने येतात. नरसय्याचे सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचे चार माग. चौथा मी, शाळेत भूगोल शिकवतो. बँडचं गाव नकाशात कुठे आहे, हे दाखवायचं काम माझ्याकडे.

•

मल्लूअण्णांकडे एकाच गाण्याची सतरा रेकॉर्डिंग आहेत. एकदा घरी ते सहावं ऐकत बसले होते. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अवो, ह्ये तर कालच वाजवलं की!"

"कालचं गाव येगळं हुतं!" अण्णा ठसक्यात म्हणाले.

"गाव येगळं असंल. तुमी तितंच बसलाय की!"

अण्णांनी हा किस्सा स्वतःच आम्हाला सांगितला. सांगून झाल्यावर स्वतःच बराच वेळ हसले.

•

आमचा एक नियम आहे. रेकॉर्डिंग लावणाऱ्याने गाव आणि वर्ष सांगायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. मी गिटारवरून ओळखायला जातो आणि हमखास चुकतो. शब्बीरभाई गिटार ऐकतच नाहीत, ते गर्दी ऐकतात. एक माणूस बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये दोन बोटं तोंडात घालून लांब शिट्टी मारतो. बहुतेक बँडच्या मागे गावोगाव फिरत असावा.

"आ गया अपना शिट्टीवाला!" शब्बीरभाई म्हणतात, आणि लगेच वर्ष सांगतात.

एकदा नंतरच्या काळातलं एक रेकॉर्डिंग मिळालं. शिट्टी येईना. शेवटपर्यंत आली नाही. शब्बीरभाईंनी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली.

"गया होगा क्या जी?" त्यांनी हळूच विचारलं.

सातासमुद्रापलीकडचा माणूस, ना नाव माहीत ना तोंड. पण त्या दिवशी आम्ही चहा मागवला नाही.

•

आता तिसऱ्या ड्रमरबद्दल.

कॉलेजात असताना कोणाच्या तरी मामाने अमेरिकेहून एक कॅसेट आणली होती. एका दिवसाच्या बोलीवर नरसय्याने ती घरी नेली आणि कॉपी केली. बँडचे ड्रमर दोन, पण त्या कॉपीत स्पष्ट तीन ऐकू येतात! तिसरा लाकडावर वाजवल्यासारखा, सलग, न दमता. मधेच बाकीच्यांच्या पुढे जातो, मधेच मागे राहतो. एका ठिकाणी थोडा वेळ चक्क थांबतो, आणि पुन्हा सुरू होतो.

मल्लूअण्णा त्याच्यावर फिदा होते. "बगा सर, सगळे तालात हायत आन् ह्यो एकटा त्याच्या मनाचा राजा! अन् थांबला कसा बगा. असं थांबायला लई हिम्मत लागती!"

तो कोण असेल यावर आम्ही किती वर्षं डोकं चालवलं, सांगायची सोय नाही. मी म्हणायचो, आदल्या कार्यक्रमातला पाहुणा असेल. माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा मांडवामागे हाच विषय चालू होता.

•

मग इंटरनेट आलं आणि पुण्याच्या एका शौकीन गृहस्थांशी आमची ओळख झाली. त्यांच्याकडे त्याच कार्यक्रमाचं दुसरं रेकॉर्डिंग होतं. त्यांनी ते पाठवलं. त्यात तिसरा ड्रमर नव्हता!

अण्णांनी त्यांना फोन लावला. "तुमच्या कॉपीत एक मानूस कमी हाय!"

पलीकडचे गृहस्थ सभ्य. ते म्हणाले, "तुमच्या कॉपीत एक जास्त असेल."

"आमी दुधनीचे हाय, आमी माप कमी देत न्हाई!" असं म्हणून अण्णांनी फोन ठेवला. तीन महिने त्यांचा आणि पुण्याचा अबोला होता.

•

हे भांडण मिटवायचं शब्बीरभाईंनी मनावर घेतलं. कॉम्प्युटरवर आवाज वेगळे करायचं काहीतरी त्यांनी शिकून घेतलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशिनीतली खरखर काढलेला माणूस. एका रविवारी ते पेन ड्राइव्ह घेऊन हसतच आले.

"सुनो. ड्रमर नै था वो, खटखट थी खाली. पूरी साफ कर दिया मैं!"

खरंच साफ होतं. गिटारची तार न् तार वेगळी. पुणेकर जिंकले होते. अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

नरसय्या मात्र उठून उभा राहिला. त्याच आठवड्यात त्याने माग विकले होते. पोरगा पुण्यात नोकरीला, चालवणारं कोणी राहिलं नव्हतं. चारही माग भंगारवाल्याने टेम्पोत घालून नेले.

"चार दिस झाले, आमच्या घरात असंच झालंय," तो म्हणाला. "सगळं साफ ऐकू येतंय. शब्बीरभाई, ती खटखट न्हाई. आमचा माग हाय त्यो. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठिवून मी माडीवर कॉपी केल्ती, आन् खाली नायना मागावर हुते."

नायना म्हणजे त्याचे वडील. जाऊन बारा वर्षं झाली.

"इतने साल तेरे कू समझा नै?"

"घरात जल्मल्यापासनं त्योच आवाज की. हाय असं कदी वाटलंच न्हाई. गेल्यावर कळला." मग त्याने विचारलं, "काढलेलं कुटं ठिवलंय?"

शब्बीरभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. साफ न केलेली फाइल त्यांनी पुसून टाकली होती. आणि जुनी कॅसेट उतरवून झाल्यावर मशिनीत अडकून तुटली होती. चुरगळलेली फीत त्यांनी खिशातून काढून दाखवली. नायनांचा एक फोटो नरसय्याच्या भिंतीवर आहे. बाकी त्यांच्या हातचं जे काही उरलं होतं, ते त्या फितीत होतं.

नरसय्या चपला घालून निघून गेला. आम्हाला फार वाईट वाटलं. मग अण्णा म्हणाले, "तरी मी म्हनत हुतो, लई मोटा कलावंत हाय."

•

पुढच्या रविवारी दुकान बंद. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याच्या पुढच्या रविवारी शब्बीरभाईंनी सगळ्यांना फोन करून बोलावलं. नरसय्या आला, पण दाराशीच बसला. शब्बीरभाईंची बोटं चिकटपट्टीच्या गोंदाने काळी झाली होती. दोन आठवडे त्यांनी ती फीत इस्त्री केल्यासारखी सरळ करून, तुकडा तुकडा जोडून, एकदाच चालवली होती.

"इस बार उलटा किया मैं," ते म्हणाले. "बँड निकाल दिया."

खोलीत माग सुरू झाला. गिटार नाही, गाणं नाही, टाळ्या नाहीत. नुसता माग. जरासा लंगडत चालणारा.

"डावीकडचा," नरसय्या म्हणाला. "नायनांशिवाय कुनाला चालायचा न्हाई."

मग ती थांबायची जागा आली. धागा तुटला असणार. माग बंद झाला, आणि इतकी वर्षं गिटारखाली दबलेलं ऐकू आलं. कोणीतरी खोकलं. मग हाक आली, "नरसूऽ, नीळ्ळु तेरा."

सोलापुरात राहून एवढं तेलुगू सगळ्यांनाच कळतं. ते पाणी मागत होते.

"वस्तुन्ना, नायना," आलो म्हणत नरसय्या उठला. कोपऱ्यातल्या माठातून त्याने तांब्या भरला, वरून पेला घातला, आणि वळला.

तेवढ्यात माग पुन्हा सुरू झाला.

शब्बीरभाईंनी बंद केलं नाही. नरसय्या तांब्या धरून शेवटपर्यंत तसाच उभा होता.