ज्याचे त्याचे हसू

शालिनीबाईंची आणि माझी पहिली ओळख हजेरीच्या वेळी झाली. तिवस्याच्या शाळेत मी पाचवीत नवी आले होते. नाव पुकारल्यावर "हजर बाई" म्हणाले, तर बाईंनी मान वर करून विचारले, "ते तर सारेच म्हणतात. तू काय म्हणशील?" "मी आली," मी म्हणाले. पुढे शाळा सुटेपर्यंत माझी हजेरी तीच राहिली. बाईंच्या वर्गात एका सुरात उत्तर द्यायला बंदी होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी "समजलं का?" विचारले आणि वर्गातून एकमुखी होकार आला नाही, तेव्हा साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आज पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या बाईंना सारा वऱ्हाड ओळखतो तो ‘मापाचं हसू’ या त्यांच्या बालकादंबरीमुळे. कादंबरीतल्या गावात मूल दहा वर्षांचे झाले की यंत्रात बसवून त्याचे हसू सगळ्यांसारखे करतात. घोड्यासारखी खिंकाळणारी चिमी मात्र आपले हसू लपवून ठेवते.

बाईंनी हे हस्तलिखित आम्हा सातवीच्या मुलांना वाचून दाखवले. शेवटी यंत्र मोडते आणि अख्खे गाव चिमीसारखे खिंकाळू लागते. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंची कित्येक वर्षांची मेहनत होती ती, आणि अमरावतीच्या छापखान्यात पाने जुळवून तयार होती. तरी त्यांनी विचारले, "कोणाला नाही आवडलं?"

मी उभी राहिले. "बाई, मंग तं सारे पुन्हा सारखेच हासून राहिले ना."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. खिडकीपाशी जाऊन हस्तलिखिताचे शेवटचे पान पुन्हा वाचू लागल्या. मला वाटले, आता आपली काही खैर नाही.

संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. आई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने घाबरून विचारले, "काय केलं बाई हिनं?"

"माह्यं पुस्तक वाचवलं."

"घरीबी असीच हाये हे," आई म्हणाली. "भाजीत मीठ कमी असलं तं सांगतल्याशिवाय घास नाही गियत."

बाईंनी छपाई थांबवली. प्रकाशक चिडले, एवढ्याशा पोरीच्या बोलण्यावरून काय करता म्हणाले. "पुस्तक एवढ्याशा पोरींसाठीच आहे," बाई म्हणाल्या. नव्या शेवटात जो तो आपापले हसू शोधत फिरतो. एका मुलाला हसावेसेच वाटत नाही, आणि गाव त्याला तसेच राहू देते. आता मी अकोल्याला शिक्षिका आहे; माझ्या वर्गात मी हे पान दरवर्षी वाचते. एखादे गप्प बसणारे मूल ते पुन्हा वाचायला सांगते, तेव्हा मी या बाईंची विद्यार्थिनी आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

गेल्या महिन्यात बाईंनी मला नव्या कादंबरीचे हस्तलिखित दिले. वाचून मी सांगितले की, शेवट पटला नाही. बाईंनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, "काहून?"

तेव्हा बाईंची प्रकृती ठणठणीत राहो, हात लिहिता राहो आणि त्यांना उदंड आयुष्य लाभो. तो शेवट अजून नव्याने लिहायचा आहे. आणि लिहून झाला, तरी तो मला लगेच पटेल याची हमी मी देत नाही.