दार कोणी उघडले?

त्या घटनेची आठवण झाली की आजही राग येतो, आणि तो आधी माझा मलाच येतो. मी तेव्हा शहराच्या कडेच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. नागपूरकडची, आयटी कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी तक्रार द्यायला आली. आमच्या हद्दीतल्या मांजरी गावात ती भाड्याच्या खोलीत एकटी राहत होती. भरदुपारी घरमालकाच्या मुलाने खोलीत शिरून तिच्यावर बलात्कार केला होता.

अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. घेतला आमच्या महिला उपनिरीक्षकांनीच, पण शेजारच्या खुर्चीत बसून प्रश्न मी पुरवत होतो. एकटी का राहतेस? अंगात काय होतं? दार का उघडलंस? जबाबात आम्ही प्रश्न लिहीत नाही. फक्त उत्तरे लिहितो, तीही तक्रारदाराच्या तोंडची म्हणून. शेवटच्या प्रश्नाला ती गप्प राहिली. मी म्हणालो, "लिहा, मी दार उघडले." वाचून दाखवल्यावर तिने सही केली. त्या अवस्थेत तिने कशावरही केली असती.

आरोपीला त्याच संध्याकाळी उचलले. चौकशीत तो निवांत होता. "दार तिनंच उघाडलं, साहेब. तुमच्याच कागदात हाय की." त्याचा वकील जामिनासाठी तेच वाक्य पुढे करणार होता. मुलीचे वडील गावाहून आले होते आणि तक्रार मागे घे म्हणून तिच्या विनवण्या करत होते.

फिर्यादीची प्रत तिच्या मैत्रिणींनी वाचली आणि उत्तरांमागचे प्रश्न तिच्याकडून काढून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यासमोर दीडदोनशे बायका-मुली उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात पुठ्ठा आणि त्यावर माझा एकेक प्रश्न. मी दारातूनच दरडावले तेव्हा एक वयस्कर बाई म्हणाल्या, "अहो साहेब, बाहेर या ना. की बाहेर का आलात असं कोणी विचारेल, याची भीती वाटते?" माझे डोके फिरले. आरोपी कोठडीत आहे, मग या आमच्यावर का ओरडतात, हेच मला कळेना.

निवेदन द्यायला पाच जणी आत आल्या. चार निघून गेल्या, पाचवी थांबली. ती आधी त्याच खोलीत भाडेकरू होती. म्हणाली, "साहेब, तो दार वाजवत नाही. त्याच्याकडे दुसरी किल्ली असते. माझ्या वेळी तस्साच आला होता."

मुलीला पुन्हा बोलावले. या वेळी मी खोलीबाहेर थांबलो. उपनिरीक्षकांनी एवढेच विचारले, "तो आत कसा आला?"

"माहीत नाही, मॅडम. नाइट शिफ्ट करून झोपले होते. डोळे उघडले तर तो समोर."

"मग त्या दिवशी का बोलली नाहीस?"

"सरांनी गृहीतच धरलं होतं की दार मी उघडलं. मला वाटलं, माझंच दार नीट लागलं नसेल."

पंचांसमक्ष झडती घेतली. आरोपीच्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात दुसरी किल्ली सापडली आणि तिच्या दाराच्या लॅचमध्ये सरळ फिरली. ती त्याच्यासमोर धरली. "घर आमचंच हाय, किल्ली ठिवायची नाय का?" एवढेच तो पुटपुटला. आम्हाला तेवढे पुरे होते. मुलीचा पुरवणी जबाब झाला, जामीन फेटाळला गेला आणि पुढे त्याला शिक्षाही झाली. लोकांनी माझे अभिनंदन केले. काही जणांनी सोबत 'पण मुलींनीही जपून राहावं' हेही ऐकवले. त्यांना बाहेर घालवावेसे वाटले, पण त्या मोर्चापर्यंत मी तरी वेगळे काय बोलत होतो?

तपास चालू असतानाच त्या पाचव्या बाईंचा जबाब घ्यायच्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलेच, "तुम्ही तेव्हाच का आला नाहीत?"

"आले होते," त्या म्हणाल्या. "इथेच. समोरच्या अंमलदारांनी विचारलं, दार का उघडलंत. मी उठून गेले."

त्या दिवसाची ठाण्याची डायरी काढली. त्यांच्या येण्याची एक ओळही नव्हती. ठाणे तेव्हाही माझ्याच ताब्यात होते. त्या बाईंना कोणी नीट विचारले असते, तर त्या मुलीवर माझ्यासमोर येऊन बसायची वेळच आली नसती.