न सरणारी चढाई

सामना जिंकला की कल्पेशदादा आधी हरलेल्या संघाकडे जायचा. ज्याला त्याने बाद केलं असेल त्याच्या शेजारी मांडी घालून बसायचा, कुठे लागलं विचारायचा. नंदुरबारला कबड्डीच्या निवड चाचणीत तो असाच माझ्या घोट्याला बर्फ लावत बसला होता. "हारेल माणूसले एकटं सोडानं नई," म्हणाला. पुढे राज्याच्या संघात आम्ही सहा वर्षं एकत्र खेळलो. तो चढाईला, मी डाव्या कोपऱ्यात.

मग त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण मोठ्या लीगमधल्या संघाने करार वाढवला नाही. दादा ब्राह्मणपुरीला घरी आला. फोन केला तर दोन शब्द बोलून ठेवायचा. शेवटी जागृतीवहिनींनी मला बोलावून घेतलं. दादा दिवसभर मोबाइलवर जुगार खेळत होता. केळीचं अख्खं उत्पन्न त्यात गेलं होतं.

तो बागेत पाय लांब करून बसला होता. मला पाहून त्याने मोबाइल लपवला नाही.

"मैदानवर चढाई तीस सेकंदमा सरस, भाऊ. हाई सरतच नई."

तापीच्या पुलावर तो दोनदा कठड्यापाशी जाऊन थांबला होता, हेही त्याने सांगितलं. पिकाला पाणी दिल्याचं सांगावं तितक्या सहज. मी घाबरलो आणि सुचेल ते बोललो. मन घट्ट कर, तू खेळाडू आहेस.

तो रागावला नाही. "गुडघा गया तवय तू माले दवाखानामा लई गया. आते मन गयं, तं घट्ट कर सांगस?"

त्याच दुपारी आम्ही तिघं नंदुरबारला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. मोबाइल वहिनींच्या पिशवीत होता. उपचार वर्षभर चालले. मध्ये एकदा तो पुन्हा जुगार खेळला. तेही त्याने आपणहून सांगितलं.

मोठ्या मैदानावर दादा परत उतरला नाही. आता तो खापर गावात कबड्डीची शिबिरं घेतो. राष्ट्रीय संघातले खेळाडूही येतात. खांदे-घोटे विचारून झाले की त्याचा ठरलेला प्रश्न येतो, "झोप लागस का?"

गेल्या वर्षी मला संघातून वगळलं. शिबिरात मदत करायला म्हणून मी खापरला गेलो. दादाने रांगेतल्या सगळ्यांना विचारलं, शेवटी मलाही. कित्येक महिने मी सगळ्यांना 'मजेत' म्हणत आलो होतो. त्याच्यापुढे ते जमलं नाही. नाही म्हणालो.

त्याने गळ्यातली शिट्टी काढून दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हातात दिली.

"चाल दवाखानामा," म्हणाला, "मी संगे येस."