तीन लोड, भारी नकोत

१५ ऑक्टोबर १९५७, मंगळवार. ढगाळ. वारा पडलेला, सकाळपासून उकाडा.

मूलच्या आमच्या शाळेला विज्ञानाचा वर्ग मिळणार की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. तपासणीला साहेब येणार, आणि प्रयोगशाळा माझ्या हवाली! मी काय दिवे लावले म्हणता? आधी कप खाली ठेवा, अंगावर सांडेल.

साहेबांना आणायला बोरकर मास्तर चांद्याला गेले होते. जाताना चिठ्ठी ठेवली: ‘पॉवर सप्लाय टेबलावर काढा. तीन लोड लावून ठेवा. लोड भारी नकोत.’

पॉवर सप्लाय म्हणजे बॅटऱ्यांची पेटी, तेवढं मला ठाऊक. पेटी पुसली, लाल-काळ्या वायरी जोडून सरळ केल्या. टेबलावर बल्ब, घंटी आणि छोटी मोटर उगीच गर्दी करत होती. ती कपाटात घालून कुलूप ठोकलं. मग सतरंजी अंथरली आणि शिपाई गणपतला पाटलीणबाईंकडून लोड आणायला धाडलं.

“भाऊ, हा तिसरा म्हशीवानी हाये जी!” गणपत धापा टाकत म्हणाला.

“उसव त्याले.”

“काऊन?”

“चिठ्ठीत लिहिलं हाये, भारी नको.”

“साहेब का उचलून पाहनार हाये?”

विज्ञानाचा माणूस, काय सांगावं! मी शेरभर कापूस काढला, उरलेला हाताने सारखा केला, लोड पुन्हा शिवला. मधेमधे दहा वेळा दाराशी जाऊन रस्ता पाहून आलो.

अखेर मोटार आली. साहेबांनी पेटी पाहिली, वायरी पाहिल्या. “छान! आणि लोड?”

“हे काय जी, तीन हायेत. टेका ना!”

बोरकर मास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला. “अहो भाऊ, लोड म्हंजे विजेवर चालनारी वस्तू! बल्ब कुठी हाये?”

“कपाटात.”

“किल्ली?”

कमरेला हात लावला. नाई! खिसे उलटे केले. पेटीखाली पाहिलं, सतरंजी झटकली. मास्तर घाम पुसून राह्यले, मी गरगर फिरून राह्यलो. उभं राहून कंटाळलेले साहेब शेवटी तिसऱ्या लोडाला टेकले, आणि ताडकन उठले.

“काय टोचलं हे?”

गणपतने माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, कापसासंगं किल्लीबी शिवली का जी?”

साहेबांच्या समोर लोड उसवला. किल्ली निघाली. कपाट उघडलं. मास्तरांनी वायरी जोडल्या. बल्ब लागला, घंटी वाजली, मोटर फिरली.

वर्गाला परवानगी मिळाली. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं: ‘पॉवर सप्लाय ठीक. लोड सहा. पैकी एक टोचतो.’