जादूच्या जगातली पार्टी

मुलीने कॉमर्स सोडून ॲनिमेशन शिकायचं ठरवलं आणि फॉर्मवर माझी सही मागितली. फॉर्म आठ दिवस कपाटावर पडून होता. मी कापड तपासणारा माणूस. भिवंडीत पंचवीस वर्षं लूमवरून उतरलेला ताका टेबलावर ओढतो आणि दोष शोधतो. न पाहिलेला माल मी पास करत नाही, हे मी तिला सांगितलं.

"मग बघा," ती म्हणाली. "तीन भाग. मध्ये उठायचं नाही."

रविवारी जेवणं झाल्यावर बसलो. बायको जवळच्याच अंजूर गावची. भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "बघा न् मंग सांगा. माजं ती आयकत न्हाय."

जपानी कार्टून, पण हिंदीत बोलणारं. एक कारकून कचेरीच्या जिन्यावरून पडतो आणि दुसऱ्याच जगात जागा होतो. तिथे प्रत्येकाला एक जादू मिळते. याला मिळते ती एवढीच, की ओली वस्तू कोरडी करायची. मग हा बाजारात उभा राहून ओरडतो, "मुझे एक अच्छी पार्टी चाहिए!"

माणूस मला एकदम पटला. आमच्याकडे पार्टी म्हणजे माल घेणारा व्यापारी. हातात कसब आहे, आता गिऱ्हाईक शोधतोय, चांगलंच आहे. पुढे कोंबड्यांना घाबरणारा एक सरदार आला. त्याच्या मागून मंत्र अर्ध्यात विसरणारी म्हातारी आली.

मी म्हणालो, "ही पार्टी काही माल उचलणार नाही."

मुलगी हसून आडवी झाली. "बाबा, पार्टी म्हणजे टोळी! सगळे मिळून राक्षसाशी लढायला जातात ती!"

"मग टोळी म्हणावं ना."

आतून बायको म्हणाली, "आपल्या घरातली पार्टी तं जेवल्यावर ताट बी उचलत न्हाय!"

खरं तर मी दोष काढायलाच बसलो होतो. कारकुनाच्या डाव्या बाहीला ठिगळ होतं, पाच टाक्यांचं. रिमोट घेऊन मी आठ वेळा चित्र थांबवलं. प्रत्येक वेळी ठिगळ डावीकडेच आणि टाके पाचच. नवव्यांदा ते उजवीकडे दिसलं तेव्हा मी ओरडलो, "सापडलं!"

"ते पाण्यातलं प्रतिबिंब आहे, बाबा."

तिसऱ्या भागात तळ्यातून अजस्र ड्रॅगन निघतो. सगळे पळतात, कारकून मात्र घाबरून त्याला नुसता कोरडा करतो. वर्षानुवर्षं सर्दीने बेजार झालेला तो ड्रॅगन चक्क रडायला लागतो. मी मोठ्याने हसलो. पण त्याहून आवडलं ते वाळणं. ओले खवले चकचकीत, कोरडे मळकट आणि मधली रेघ शेपटीकडून मानेपर्यंत सरकत जाते. कुठेही उडी नाही. सरदाराचं किंचाळणं जरा कमी चाललं असतं.

"एका सेकंदाला किती चित्रं लागतात?" मी विचारलं.

"बारा. कधी आठात भागवतात."

ड्रॅगन वाळायला वीसेक सेकंद लागले होते. बाराच्या हिशेबाने दोनशे चाळीस चित्रं. तिने आतून वही आणली. चोवीस पानांवर चालणारी एक बाई. पानं भराभर सोडली की ती चालायची. मी मात्र एकेक पान सावकाश पाहिलं. अकराव्यावर थांबलो.

"इथे कोपर उलटं वळलंय."

"माहीत आहे. खांदा फिरला की मला कोपर कळेनासं होतं. दोन महिने तिथेच अडलेय. तेच शिकायचंय."

कॉमर्सच्या दोन विषयांत ती नापास झाली, तेव्हाही मी विचारलं होतं की नेमकं कुठे चुकलं. "सगळंच," म्हणाली होती.

मी कपाटावरून फॉर्म काढला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. जन्मतारखेत तिने एक आकडा चुकवला होता. तो तिच्याकडून दुरुस्त करून घेतला आणि खाली सही केली.